भिमाजीचं चूलबंद आवतान

पुण्याच्या सल्लागारांनी हॉटेल वाचवायचा उपाय सांगितला, तेव्हा भिमाजी असवले पाण्याच्या टाकीवर उभा होता. डिंभ्याच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला रेंज मिळते ती उंचावरच, आणि त्याच्या 'हॉटेल डोंगरवाट'मध्ये टाकीपेक्षा उंच दुसरं काही नव्हतं. खाली त्याची मुलगी साधना शिडी धरून उभी होती. हॉटेलवाल्यांच्या या ऑनलाईन शिबिरात बापाचं नाव तिनंच घातलं होतं, त्यामुळे बाप टाकीवरून पडला असता तर तेही तिच्याच नावावर गेलं असतं.

"काय म्हनत्यात?" त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं खालून विचारलं.

"गप गं जरा. लई कामाचं बोलतोय मानूस," भिमाजी वरून म्हणाला.

कामाचं काही ऐकायची त्याला फार गरज होती. कोरोना आला, देऊळ बंद झालं, आणि ज्या रस्त्यावर श्रावणात गाड्यांची रांग हलायची नाही, त्याच रस्त्यावर यंदा माकडं खुशाल पाय पसरून बसली. भीमाशंकरला जाणारे भाविक हाच हॉटेलचा सगळा आधार. दिवाळीच्या पाडव्याला देवळं उघडली, हॉटेलं उघडायलाही परवानगी होती, पण भाविक घरून पोळीभाजी बांधून यायचे आणि गाडीच्या काचा न उघडताच परत जायचे. इकडे घोडेगावच्या कमरुद्दीन शेठांचा हिरडा लॉकडाऊनमुळे विकला न जाता पडून होता. तो ठेवायला त्यांना कोरडी, पक्की जागा हवी होती, आणि डोंगरवाटच्या हॉलइतकी कोरडी जागा त्या वाटेवर दुसरी नव्हती. येत्या रविवारी ते किल्ली न्यायला येणार होते.

बायडाबाईनं नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं, "रविवारी येकडाव हाटेल उघडून बघा. गिऱ्हाईक आलं तर आपलं नशीब. न्हाई आलं, तर शेठच्या हातात किल्ली द्यायची. मंग पुन्यांदा माझ्याम्होरं हाटेलचं नाव काढायचं न्हाई."

टाकीवरच्या फोनमधून सल्लागार बोलत होते, "गिऱ्हाईकाची वाट बघत बसू नका. तुम्ही त्याच्यापर्यंत जा. जाहिरात सगळेच करतात, तुम्ही माणूस पाठवा. दारात जाऊन, नाव घेऊन, आपुलकीनं बोलवा. मोकळी जागा असेल तर वापरा. आधी आपल्या गावाला जेवू द्या. गावानं वाखाणलं की—" इथे रेंज गेली. गावानं वाखाणल्यावर पुढे काय होतं, हे भिमाजीला कळलं नाही. पण एवढं पुष्कळ होतं.

"गावातली मानसं च्या पितील. पैसं देऊन जेवतील व्हय? घरं हायेत त्येंना," बायडाबाईनं शंका काढली.

"तुझी मासवडी खाल्ली की घर इसरतील," भिमाजी म्हणाला. या वाक्यानं बायडाबाई विरघळते, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं.

आता दारात जाऊन, नाव घेऊन बोलवणारा माणूस आसपासच्या वाड्यांत एकच होता. लग्न असो, साखरपुडा असो की जावळ, आवतान द्यायला रखमाजी. कुठल्या घरात कोण रुसलंय आणि कोणाला आधी हाक मारायची, हे सगळं त्याच्या जिभेवर. लग्नंच थांबल्यामुळे त्याचा आवाज इतके महिने घशातच पडून होता. भिमाजीनं त्याला बोलावून सांगितलं, "रखमाजीबुवा, येवढंच बोलायचं. रविवारी दुपारी भिमाजीचं हाटेल उघडतंय, या."

"कारन काय सांगू?"

"कारन कशाला? हाटेल उघडतंय ह्येच कारन."

रखमाजीनं मान हलवली, धोतराचा सोगा हातात धरला आणि निघाला. त्याच्या पाठमोऱ्या चालीत इतका उत्साह होता की भिमाजीला शंका यायला हवी होती. पण बुडणाऱ्या माणसाला कोणाच्याही उत्साहाची शंका येत नाही.

रविवारी बायडाबाईनं चाळीसेक माणसांची मासवडी रांधली. तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेल्या पिवळ्याधमक गुंडाळ्या तिनं ओळीनं मांडल्या आणि शेजारी तर्रीदार रस्सा उकळत ठेवला. साधनानं हॉलमधली अर्धी टेबलं नियमाप्रमाणे बाहेर काढली. भिमाजी दारात ताप मोजायचं यंत्र घेऊन उभा राहिला. पहिल्या गिऱ्हाईकाच्या कपाळावर ते कसं धरायचं याचा सराव त्यानं खांबावर केला. खांबाला ताप नव्हता.

ऊन चढू लागलं तशी समोरच्या डोंगराच्या पायवाटेवर माणसं दिसली. मग उजवीकडच्या खिंडीतून दिसली, आणि मग ओढ्याच्या बाजूनंही. दिवाळीला नेसलेली लुगडी, पांढऱ्याशुभ्र टोप्या, नव्या फ्रॉकातल्या पोरी. एका वाटेवर कोणीतरी म्हातारीला पाठुंगळी घेतलं होतं. इतकी माणसं एकत्र पाहून किती महिने झाले होते, ते भिमाजीला आठवेना. त्याचा हात यंत्रासकट खाली आला.

"गिऱ्हाईक गं! बघ, डोंगर उतरून गिऱ्हाईक आलं!" तो ओरडला.

बायडाबाई दारात आली, डोळ्यांवर हात धरून तिनं नीट पाहिलं. "आवं, म्हातारीला पाठीवर घिऊन कोन हाटेलात येतं?"

याचं उत्तर घेऊन रखमाजी सर्वांच्या पुढे येत होता. "येक घर सोडलं न्हाई बघ!" तो लांबूनच ओरडला.

भिमाजीनं त्याला बाजूला ओढलं. "सांगितलंस काय तू?"

"पयल्या घरी तू म्हनला तेच सांगितलं. पर राव, तोंडाला चवच येईना. घरधनीन इचारती, येकानं यायचं का समद्यांनी? पोरांना आनायचं का? मी काय सांगू? मंग म्हनलं, आपला शिरस्ता बरा. दुसऱ्या घरापास्नं मी सरळ चूलबंद दिलं."

भिमाजी मटकन पायरीवर बसला. डोंगराकडच्या वाड्यांत चूलबंद आवतान हे सगळ्यांत मोठ्या मानाचं. ते आलं की त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. तान्ह्या पोरापासून अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीपर्यंत सगळ्यांनी बोलावणाऱ्याच्या घरी जेवायचं. आणि तिथं कोणी पैशाचं नाव काढत नाही. तसं करणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. आता या सगळ्यांच्या चुली थंड होत्या. परत पाठवलं तर भरल्या घरची माणसं उपाशी जाणार, आणि जेवू घातलं तर बायडाबाईनं शेवटचा म्हणून भरलेला किराणा एका दुपारीत संपणार. मग हॉटेल चालवायला राहणार काय, आणि चालवणार कोण?

"मी सांगतो समद्यांना खरं काय ते," तो उठला. "गफलत झाली म्हनून सांगतो. मानसं समजून घेतील."

पहिला भेटला तो सावळेराम, वाडीतला सगळ्यांत वयस्कर माणूस. भिमाजीनं घसा साफ केला. "बाबा, जरा गफलत झालीया—"

सावळेरामनं त्याचे दोन्ही हात धरले आणि मग घाबरून सोडले, कारण हात धरायचे नाहीत हे त्याला उशिरा आठवलं. "भिमाजी, आवंदा मानसानं मानसाला बलावलंच न्हाई रं. आमी म्हातारी म्हनत व्हतो, आता आपल्या दहाव्यालाच मानसं जमतील. तर म्हनं त्याला बी मोजकीच सोडत्यात. आन तू चूलबंद दिलंस. पोरा, लई मोठं काम केलंस."

भिमाजीनं तोंड उघडलं. तोंडातून आलं ते एवढंच, "बसा बाबा, सावलीला बसा."

पुढेही तसंच झालं. रखमाजीनं कारण न सांगितल्यामुळे प्रत्येक घरानं आपापलं कारण शोधून आणलं होतं. कोणाला वाटलं, भिमाजी कोरोनातून उठला. ते त्याला निरखून पाहत होते आणि चांगला सुधारलास म्हणत होते. कोणी भीमाशंकरचा नवस फिटला म्हणून नारळ आणला होता. आणि बायकांनी साधनाला घेरलं होतं.

"पोरगा काय करतो गं?"

"कुठला पोरगा?" साधना म्हणाली.

"लाजती बघ!" बायका म्हणाल्या आणि तिच्या ओटीत तांदूळ घालून मोकळ्या झाल्या.

साधना लाल तोंडानं बापाकडे आली. "आबा, माझं लग्न ठरलंय म्हणे. हॉटेल उघडायला सांगितलं होतं, तुम्ही मला उजवून टाकलं."

एवढ्यात शिट्टी वाजली. पोलीस पाटील भगवंत मोटारसायकलवरून उतरला. मास्क नाकाच्या वर, काठी हातात. "ही काय गर्दी? जेवनावळी बंद हायेत, ठाव न्हाई? भिमाजी, तुझ्या दारात येवढी मानसं दिसल्यावर मला वर कळवावंच लागंल. आपलं काय वाकडं न्हाई, पर नियम म्हंजे नियम."

हॉटेल हिरड्याचं गोदाम होणं एक, आणि हॉटेलवाल्यानं तालुक्याच्या ठाण्यात बसणं दुसरं. दोन्ही एकाच रविवारी घडेल असं भिमाजीला वाटलं नव्हतं.

सावळेराम काठी टेकत पुढे झाला. हॉटेलच्या मागे डोंगर सुरू होतो आणि त्यावर पायऱ्यांसारखी भातखाचरं चढत जातात. भात कापून झालं होतं, खाचरं कोरडी, रिकामी. त्यातल्या एकाकडे त्यानं काठी दाखवली. "भगवंता, ते खाचर कुनाचं?"

"तुमचंच की."

"मी माझ्या खाचरात बसून दोन घास खाल्लं तर ती गर्दी व्हती का?"

भगवंतनं डोकं खाजवलं. "न्हाई. सोताच्या रानात सोता बसलं तर कसली गर्दी?"

"मंग झालं," सावळेराम म्हणाला आणि आपल्या लेकरासुनांना घेऊन वर चढू लागला.

त्याच्या मागे दुसरं घर हललं, मग तिसरं. हॉटेलमागचा तो सगळा उतार याच वाड्यांच्या मालकीचा. बांधावरून बांधावर माणसं चढत गेली आणि ज्याच्या त्याच्या खाचरात ज्याचं त्याचं घर बसलं. मध्ये बांध, बांधावर गवत, आणि एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत सरकारनं सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पट अंतर. भिमाजी आ वासून वर बघत राहिला. सगळी माणसं एकाच पंगतीला होती, आणि एकही माणूस दुसऱ्याच्या जवळ नव्हता. असं काही होऊ शकतं हे त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं, आणि ते त्याच्याच हॉटेलच्या मागं चाललं होतं!

भगवंतही बघत होता. त्यानं शिट्टी तोंडाशी नेली, पण फुंकायची कोणासाठी हे त्याला उमगेना. तेवढ्यात वरून त्याच्या बायकोची हाक आली, "आवं, आपलं खाचर इकडं हाय! या लवकर, पोरं भुकेजलीत!" भगवंतनं काठी हॉटेलच्या भिंतीला टेकवली, हात सॅनिटायझरनं चोळले आणि गुपचूप वर गेला.

माणसं बसली. आता वाढायचं काय? बायडाबाईनं मासवडीच्या वड्या इतक्या पातळ कापल्या की त्यातून पलीकडचं दिसावं, तरी पुरेना. भाताचं पातेलं तर वरच्या दोन खाचरांतच आटोपलं असतं. सावळेरामची थोरली सून पाणी मागायला स्वयंपाकघरात आली, पातेल्यात डोकावली, बायडाबाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाहेर गेली. ओट्यावर उभी राहून तिनं वर हाक दिली, "बायांनो, तांदूळ!"

कोणी विचारलं नाही किती, कोणी विचारलं नाही का. घरोघरी नवा रायभोग तांदूळ नुकताच कांडून ठेवलेला होता. थोड्याच वेळात पायवाटांवरून डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया उतरू लागल्या. कोणाच्या पाटीत तांदूळ, कोणाच्या पाटीत वाल, एकीच्या कडेवर पोर आणि कडेवरच्या पोराच्या हातात कोथिंबिरीची जुडी. बायडाबाईनं आपल्या स्वयंपाकघरात आजवर सासूलाही लुडबुड करू दिली नव्हती. पण आज ती भिंतीला टेकून त्या येणाऱ्या पाट्यांकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

अर्थात बायडाबाई ती बायडाबाईच. पदरानं डोळे पुसून तिनं सल्लागारांनी सांगितलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्यांचा गठ्ठा काढला. "टोपी घातल्याबिगर येक बी चुलीजवळ यायचं न्हाई!" एकमेकींच्या डोक्यावरच्या त्या फुगीर टोप्या बघून बाया इतक्या हसल्या, की बाहेर लोकांना वाटलं साधनाच्या नवऱ्याचं नाव कळलं.

याच वेळी कमरुद्दीन शेठांची गाडी येऊन थांबली. हिशेबी, शांत माणूस. रिकामं हॉटेल बघायला आले होते. त्यांनी गाडीतून उतरून वर पाहिलं आणि दाढीवरचा हात दाढीवरच राहिला. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत माणसांनी फुलला होता. स्वयंपाकघरातून नव्या तांदळाचा वास येत होता.

"भिमाजीभाऊ, हे काय आहे?"

भिमाजी काही सांगणार इतक्यात बायडाबाई आमटीची बादली घेऊन बाहेर आली. समोर दोन रिकामे हात दिसले, ते कोणाचे हे न बघता तिनं बादली त्यांत दिली. "उजव्या अंगाच्या खाचरांना घ्या. म्हाताऱ्यांना आधी."

शेठांनी चपला काढल्या, बाह्या सारल्या आणि बादली घेऊन बांधावर चढले. भिमाजी डावीकडून भात वाढत गेला.

सगळ्यांची पानं भरली तेव्हा सगळ्यांत वरच्या खाचरातून सावळेरामचा बारीक आवाज आला, "हर हर महादेव!" तो खालच्या खाचरानं उचलला, त्याच्या खालच्यानं उचलला, आणि मोठा होत होत तो पायथ्याला येऊन हॉटेलच्या पत्र्यावर आदळला. मग एकदम शांत झालं. एवढी माणसं, पण बोलणं नाही, मास्क खाली ओढलेले, आणि फक्त जेवणाऱ्यांचा आवाज. इतक्या दिवसांनी भिमाजीला माणसांची तोंडं दिसत होती. कोणाच्या दाढ्या वाढल्या होत्या, कोणाचे दात गेले होते, पोरं तर ओळखू येत नव्हती. हॉटेल चालवून त्यानं हजारो माणसं जेवू घातली होती, पण जेवणाऱ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. भाताचं पातेलं हातात धरून तो बांधावर नुसता उभा राहिला. आपण डोंगराएवढी चूक केली आणि ती इतकी सुंदर दिसते, हे त्याला पेलवत नव्हतं.

दुपार कलली तशी माणसं उतरली. जाताना प्रत्येकानं भरल्या पोटानं आशीर्वाद दिला, साधनाला दोनदा. भगवंतनं काठी घेतली आणि भिमाजीच्या कानाशी म्हणाला, "मी आज हिकडं आलोच न्हाई. पर आमटी लई झ्याक व्हती."

हॉलमध्ये चौघंच उरली. भिमाजीनं कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. एवढं सगळं पाहिल्यावर ती ठेवताना हात जड झाला, पण शब्द तो शब्द. "घ्या शेठ. घरात मूठभर पीठ न्हाई उरलं. उद्यापास्नं हिरडा भरा."

कमरुद्दीननं किल्लीला हात लावला नाही. ते अजून मागच्या खिडकीतून खाचरांकडे बघत होते. "भाऊ, माझ्या लेकीचं, यास्मिनचं लग्न ठरलंय. खरंखुरं ठरलंय," ते साधनाकडे बघून म्हणाले. "निकाहाला घरचे मोजकेच बसतील. पण जेवणाला कोणाला बोलवायचं आणि कोणाला टाळायचं, याचा विचार करून माझी झोप उडाली. पन्नास माणसं म्हणतात. पन्नास तर माझी भावंडंच आहेत. हॉल बंदिस्त, लोक यायला घाबरतात. आणि इथं..." त्यांनी खिडकीबाहेर हात केला.

"मंग हिरडा?" बायडाबाईनं विचारलं.

"हिरडा कुठंही राहील. दुसरं गोदाम बघतो. हे असं जेवण दुसरीकडं कुठं मिळणार? रोज एका बाजूची माणसं, घराघरानं वेगळी, उघड्यावर. जेवण तुम्हीच करायचं. तांदूळ मात्र हाच पाहिजे."

"खाचरं आमची न्हाईत शेठ," भिमाजी घाबरून म्हणाला. "दुसऱ्याच्या रानात पावणं बसवायचं म्हंजे आधी त्या समद्यांना आवतान दिलं पायजे."

"द्या की," शेठ म्हणाले. "चूलबंद द्या."

भिमाजीनं बायकोकडे पाहिलं. बायडाबाईनं टेबलावरची किल्ली उचलली, कमरेला खोचली आणि वर पदर ओढला. हॉटेलचा निकाल लागला होता. तेवढ्यात तिच्या पोटात मोठ्यानं गुरगुरलं. तेव्हा कुठे तिघांच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपण पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही.

साधनानं एकेक पातेलं उघडून पाहिलं. सगळी चाटून पुसल्यासारखी लख्ख. "शेजारी कुणाकडं भाकरी मागून आणू?" तिनं विचारलं आणि तिचं तिलाच हसू आलं. सगळ्या वाड्यांतली एकही चूल आज पेटली नव्हती, आणि ती यांनीच बंद केली होती.

कमरुद्दीन शेठ उठून गाडीकडे गेले आणि कापडात बांधलेला डबा घेऊन आले. "बायकोनं, ताहेरानं दिला होता," ते जरा ओशाळून म्हणाले. "म्हणाली, बंद हॉटेलात चाललाय, तिथं तुम्हाला कोण जेवू घालणार?"

त्यांनी फडकं घेऊन टेबल पुसलं, खांद्यावर टाकलं, आणि तीन खुर्च्या ओढून दिल्या. भिमाजी संकोचत बसला. हॉटेल बांधल्यापासून त्या खुर्चीत जेवायला तो कधी बसला नव्हता. शेजारी बायडाबाई बसली, पलीकडे साधना.

"काय हाय आज?" भिमाजीनं हळूच विचारलं.

"अख्खा मसूर, चपाती," शेठ डब्याचं झाकण काढत म्हणाले. "आणि आधी हात धुऊन या. गिऱ्हाईक असलात म्हणून काय झालं?"